गाईडचा नकार कागदावर मागा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दीक्षान्त समारंभ झाला की यंदा किती जणांना पीएचडी मिळाली याची बातमी छापून येते. प्रबंध लिहून, स्पायरल करून, गाईडच्या, म्हणजे संशोधन मार्गदर्शकाच्या, टेबलावर ठेवून महिनोन्‌महिने खेटे घालणाऱ्यांची बातमी होत नाही. नाशिकमध्ये पुणे विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांची संशोधन केंद्रे आहेत, शिवाय मुक्त विद्यापीठ आणि आरोग्य विज्ञान विद्यापीठ इथेच आहे. तरीही प्रबंध नाकारला गेला की नेमके काय करायचे, हे संशोधकाला कॅन्टीनमध्येच कळते, आणि तेही बहुधा चुकीचे. म्हणून हे पत्र.

‘सरांनी प्रबंध नाकारला’ या तीन शब्दांत तीन वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात. मसुदा वाचून ‘हे असे चालणार नाही’ म्हणणे ही एक. मसुदा वाचायचाच नाही, किंवा वाचून सही अडवायची, ही दुसरी. प्रबंध सादर झाल्यावर बाहेरच्या परीक्षकाने फेटाळणे ही तिसरी. एकीचा उपाय दुसरीला लागू पडत नाही, आणि बहुतेकांचे चुकते ते इथेच: पहिल्या प्रकारच्या नकारावर तक्रार अर्ज लिहितात आणि दुसऱ्या प्रकारात वर्षभर गप्प बसतात.

आधी आपली नोंदणीची तारीख पाहावी. विद्यापीठ अनुदान आयोगाचे (यूजीसीचे) सध्याचे पीएचडी नियम 7 नोव्हेंबर 2022 चे आहेत. त्याआधी नोंदणी झालेल्यांना 2016 चे, त्याहून जुन्यांना 2009 चे नियम लागू राहतात. फरक किरकोळ नाही. 2016 च्या नियमांत प्रबंध देण्यापूर्वी तज्ज्ञ-परीक्षित नियतकालिकात किमान एक शोधनिबंध आणि परिषदांत दोन सादरीकरणे सक्तीची होती. 2022 मध्ये यूजीसीने ती सक्ती काढून टाकली. ‘पेपर नाही तर सही नाही’ हे उत्तर त्यामुळे एकाच्या बाबतीत नियमाचे असते, दुसऱ्याच्या बाबतीत नुसत्या सवयीचे. अर्थात आपल्या विद्यापीठाने स्वतःच्या नियमावलीत तशी अट ठेवली असेल तर ती पाळावीच लागते. ती नियमावली छापून जवळ ठेवावी. आमच्यापैकी कितीतरी गाईडनीही ती वाचलेली नसते.

आता पहिला नकार. तो कटू असला तरी पुष्कळदा रास्त असतो. समजा, विषय निफाड तालुक्यातल्या द्राक्षबागायतदारांच्या कर्जाचा आहे. सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे सुरुवातीला दिलेल्या संशोधन आराखड्यात, उद्दिष्टे पाच. निष्कर्षाच्या प्रकरणात उत्तरे तीन उद्दिष्टांचीच. चौथे उद्दिष्ट पीकविम्याचे, पण प्रश्नावलीत विम्यावर एकही प्रश्न नाही. शिफारशींत मात्र शीतगृहांवर दोन पाने, ज्यांचा प्रबंधात कुठे अभ्यासच नाही. हे तपासायला एक आडवा कागद पुरतो. त्यावर पाच रकाने आखावेत: उद्दिष्ट, गृहीतक, प्रश्नावलीतले प्रश्न क्रमांक, वापरलेली चाचणी, निष्कर्षाचे पान. ज्या ओळीतला रकाना रिकामा राहील, तिथे प्रबंध तुटलेला आहे. गाईडला जे शब्दांत सांगता येत नाही आणि ‘मजा येत नाही’ एवढेच जे म्हणतात, ते बहुधा हेच असते.

दुसरे दुखणे नमुन्याचे. कितीतरी प्रबंधांत नमुना 384 चा असतो. मोठ्या लोकसंख्येसाठी 95 टक्के विश्वासपातळी आणि 5 टक्के त्रुटी धरली की सूत्रातून हा आकडा निघतो, हे खरे. पण ते सूत्र यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारख्या निवडलेल्या, नमुन्यासाठी आहे. पिंपळगाव बसवंतच्या बाजार समितीच्या आवारात भेटतील त्यांच्याकडून फॉर्म भरून घेतले, तर आकडा 384 असो की 800, तो सोयीचा नमुनाच राहतो. तसे पद्धतीच्या प्रकरणात सरळ लिहावे आणि निष्कर्षांचा दावा तेवढाच मर्यादित ठेवावा. लपवले की परीक्षक तिथेच बोट ठेवतो. दोन गोष्टींचा संबंध आहे का हे पाहणाऱ्या काय-स्क्वेअर चाचणीचेही तसेच. तक्त्यातल्या पाचव्या हिश्शाहून जास्त चौकोनांत अपेक्षित वारंवारिता 5 च्या खाली गेली तर त्या चाचणीच्या निकालावर विसंबता येत नाही. गट एकत्र करावे लागतात किंवा फिशरची चाचणी घ्यावी लागते. संगणक आकडा देतो, इशारा तक्त्याखाली बारीक अक्षरात देतो, आणि ती तळटीप कापूनच तक्ता प्रबंधात चिकटवला जातो.

पूर्वसाहित्याच्या आढाव्याबद्दल जास्त लिहीत नाही. ‘अमुक यांनी 2011 मध्ये असे म्हटले, तमुक यांनी 2014 मध्ये तसे म्हटले’ अशी साठ पानांची किराणा यादी कुठल्याही गाईडने परत करावीच.

वाङ्मयचौर्याच्या तपासणीत मराठी प्रबंधांची एक खास अडचण आहे. यूजीसीच्या 2018 च्या नियमांनुसार 10 टक्क्यांपर्यंतच्या साधर्म्याला दंड नाही. 10 ते 40 टक्क्यांत सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रत द्यावी लागते. 40 ते 60 मध्ये एक वर्ष सुधारित प्रत देता येत नाही. 60 च्या वर नोंदणी रद्द होते. संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश आणि श्रेय देऊन घेतलेली अवतरणे या मोजणीतून वगळायची असतात, तेव्हा अहवाल हातात आला की ती वगळली आहेत का हे आधी बघावे. पण मजकूर युनिकोडमध्ये नसून जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला असेल तर संगणकाला तो मराठी म्हणून वाचताच येत नाही. मग साधर्म्य शून्याच्या आसपास येते आणि संशोधक खूश होतो. गाईडने असा अहवाल नाकारला तर त्यांचे बरोबर आहे. मजकूर युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरे, रफार आणि पहिली वेलांटी हमखास बिघडतात. अडीचशे पानांचे मुद्रितशोधन दोन-तीन आठवडे खाते. हे काम शेवटच्या महिन्यावर ठेवू नये.

दुरुस्त मसुदा पुन्हा देताना अख्खे बाड देऊ नये. एकेक प्रकरण द्यावे आणि सोबत दोन पानांचा तक्ता जोडावा: आक्षेप काय होता, काय बदलले, कोणत्या पानावर. जो आक्षेप पटला नाही तिथे ‘बदल केला नाही, कारण’ असे लिहून आधार द्यावा. मोघम शेऱ्याला मोघम दुरुस्ती केली की तोच मसुदा चौथ्यांदा परत येतो. गाईडशी तोंडी चर्चा झाली की त्याच रात्री त्यांना ईमेल करावा: ‘आज सांगितलेले मुद्दे मला असे समजले, काही राहिले असल्यास कळवावे.’ ही भाषा आदराची आहे आणि पुढे पुरावाही हीच होते.

आता दुसरा नकार, म्हणजे न वाचणे किंवा सही अडवणे. इथे संशोधन सल्लागार समितीचे, बोलीत आरएसीचे, खरे काम आहे. 2022 च्या नियमांनुसार संशोधकाने दर सत्राला या समितीपुढे सादरीकरण करून अहवाल द्यायचा असतो (2016 च्या नियमांत सहा महिन्यांतून एकदा). प्रगती असमाधानकारक असेल तर समितीने कारणे नोंदवायची आणि सुधारणाही सुचवायच्या. त्या सुधारणा संशोधकाने केल्या नाहीत तरच, विशिष्ट कारणे देऊन, नोंदणी रद्द करण्याची शिफारस करता येते. नऊ अहवालांवर ‘समाधानकारक’ असा शेरा आणि दहाव्या वेळी ‘यात पीएचडीचा दम नाही’, हे दोन्ही एकाच वेळी खरे असू शकत नाही. पण बैठक चहाच्या कपाबरोबर उरकली जाते, अहवाल संशोधकच टाइप करून आणतो आणि सह्या होतात. हा दोष आम्हा गाईडचा जितका, तितकाच त्या संशोधकांचाही आहे ज्यांना बैठक लवकर संपल्याचा आनंद होतो.

तेव्हा क्रम असा ठेवावा. मसुदा देऊन तीन आठवडे झाले की गाईडला लेखी विचारावे. आणखी दोन आठवड्यांत उत्तर नसेल तर समितीची बैठक बोलावण्याची लेखी विनंती त्यांनाच करावी, कारण समितीचे निमंत्रक तेच असतात. तीही पडून राहिली तर प्रत जोडून संशोधन केंद्राच्या प्रमुखांकडे जावे आणि आवक क्रमांक घ्यावा. थेट कुलगुरूंना पत्र पाठवू नये. ते फिरून केंद्राकडेच येते आणि मधल्या काळात संबंध मात्र बिघडतात. प्रबंधासोबत गाईडने द्यायचे प्रमाणपत्र यूजीसीच्या नियमांत दोन गोष्टींचे आहे: काम मूळचे आहे, आणि ते दुसऱ्या कुठल्या पदवीसाठी दिलेले नाही. दर्जाबद्दल शंका असेल तर ती मांडायची जागा म्हणजे प्रबंधपूर्व सादरीकरण. ते समितीपुढे होते आणि इतर प्राध्यापकांना व संशोधकांना खुले असते. माझ्या मते सही ही कुलुपासारखी वापरायची वस्तू नाही.

गाईड बदलणे हा अगदी शेवटाकडचा उपाय. त्यासाठी त्याच विषयाचा, जागा शिल्लक असलेला मान्यताप्राप्त गाईड लागतो. एका वेळी प्राध्यापकाला 8, सहयोगी प्राध्यापकाला 6 आणि सहायक प्राध्यापकाला 4 विद्यार्थी घेता येतात, आणि निवृत्तीला तीन वर्षांहून कमी अवधी उरलेल्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही. नाशिकमध्ये काही विषयांत ही मोजणी लगेच संपते. मग पुणे आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतही चौकशी करावी. नवे गाईड तोंडी तयार झाल्याशिवाय जुन्यांकडे ना-हरकत मागू नये. नवे गाईड शीर्षक बदलायला सांगतील तर घाई करू नये. नव्या शीर्षकाबरोबर घड्याळ नव्याने सुरू होत नाही.

घड्याळाचा हिशोब असा: किमान 3 वर्षे, कमाल 6, पुनर्नोंदणी करून आणखी 2. महिला आणि 40 टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना 2022 च्या नियमांत एकूण 10 वर्षांपर्यंत मुभा मिळू शकते. प्रसूती व बालसंगोपन रजा पीएचडीच्या संपूर्ण काळात मिळून 240 दिवसांपर्यंत. यूजीसीची फेलोशिप पाच वर्षांत संपते, म्हणजे वाद सहाव्या वर्षात गेला तर पदरमोड आली.

पैसे मागणे, घरची कामे सांगणे, जाणूनबुजून रखडवणे याला मात्र नकार म्हणत नाहीत. त्यासाठी यूजीसीच्या 2023 च्या नियमांनुसार प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती हवी. तिने 15 कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. निर्णय पटला नाही तर 15 दिवसांत विद्यापीठाने नेमलेल्या लोकपालाकडे अपील करता येते. लैंगिक छळाची तक्रार अंतर्गत समितीकडे, शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांत. ती प्रबंधाच्या वादात मिसळू नये.

तिसऱ्या नकाराचे गणित ठरलेले आहे. बाहेरचे किमान दोन परीक्षक असतात. दोघांनी स्वीकारले, किंवा सुचवलेल्या दुरुस्त्यांनंतर स्वीकारले, की व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा. एकाने फेटाळले तर प्रबंध मंजूर यादीतल्या पर्यायी परीक्षकाकडे जातो. त्यानेही फेटाळला तर तो नामंजूर होतो. सारी प्रक्रिया सहा महिन्यांत संपावी, असे नियम सांगतो. सहा महिने उलटले तर विद्यापीठाच्या पीएचडी विभागाला माहितीच्या अधिकारात अर्ज करावा: शुल्क 10 रुपये, एका अर्जात एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. ‘माझा प्रबंध परीक्षकांकडे कोणत्या तारखेला गेला, अहवाल कोणत्या तारखांना आले’ एवढेच विचारावे. परीक्षकाचे नाव मागितले की अर्ज तिथेच अडकतो.

नाशिकमधल्या संशोधन केंद्रांकडून एकच अपेक्षा आहे. प्रत्येक केंद्राने एक वही ठेवावी: प्रकरण गाईडकडे दिल्याची तारीख, शेऱ्यांसह परत मिळाल्याची तारीख, दोघांच्या सह्या. सल्लागार समितीच्या बैठकीत ही वही टेबलावर असावी.

आपला,
एक संशोधन मार्गदर्शक
गंगापूर रोड, नाशिक