कागदाच्या पुडीत जपलेले लाकडी पान

आदरणीय काका,

स.न.वि.वि.

पाच महिन्यांपूर्वी आपल्या जुन्या वस्तूंच्या दुकानातून मी एक लंबगोल आरसा नेला. त्याच्या लाकडी चौकटीवर वेलबुट्टी कोरलेली होती आणि वरच्या डाव्या बाजूचे एक पान तुटून गेलेले होते. आपल्याकडे रोज इतक्या वस्तू येतात आणि जातात की तो आरसा किंवा तो नेणारी मी आपल्या लक्षात असेन, असे मी धरून चालत नाही. माझ्या मनात मात्र तो प्रसंग अजून इतका ताजा आहे की, लिहिताना मध्येच हात थांबतो. त्या दिवशी मला आभाराचा एक शब्दही धड बोलता आला नाही. ‘येते’ एवढेच म्हणून मी बाहेर पडले. राहून गेलेले ते आभार आज सर्वांसमक्ष मानायचे आहेत.

आम्ही तेव्हा नुकतेच घर बदलले होते आणि ते बदलणे आनंदाचे नव्हते. मोठ्या घरातून लहानशा भाड्याच्या घरात आलो, तेव्हा सोबत भांडी, कपडे आणि अंथरूण-पांघरूण एवढेच होते. माझ्या आठ वर्षांच्या मुलीने पहिल्या महिन्यात मला तीन वेळा विचारले, ‘आई, आपण इथून कधी जाणार?’ त्या उघड्या भिंतींमध्ये तिला घर दिसत नव्हते आणि खरे सांगायचे तर मलाही दिसत नव्हते. हाताशी होते तेवढे पैसे घेऊन मी आधी गृहसजावटीच्या एका मोठ्या दालनात गेले. तिथल्या सल्लागाराने माझी रक्कम ऐकली, समोरची वही मिटली आणि एवढ्या पैशांत एखादी फुलदाणी येईल असे सांगून तो पुढच्या ग्राहकाकडे वळला. दुसऱ्या एका ठिकाणी मी भिंतीचा फोटो पुढे केला, तर तो पाहण्याचीही तसदी कोणी घेतली नाही. माझ्याकडे पैसे कमी होते, एवढ्यावरून माझ्या घरालाही कमी लेखण्याचा अधिकार त्यांना कोणी दिला, हा प्रश्न मला आजही पडतो.

आपल्या दुकानात शिरले ती हीच धास्ती मनात घेऊन. त्या आरशासमोर मी बराच वेळ उभी होते. तुटलेल्या जागेवर बोट ठेवून ‘हा राहू द्या’ असे म्हणणार, तोच आपण उठलात, आरसा खाली उतरवलात आणि जपून पालथा केलात. मागच्या फळीला दोऱ्याने एक कागदाची पुडी बांधलेली होती. आपण दोन गाठी सोडवल्यात आणि पुडी माझ्या तळहातावर उघडलीत. आत ते पान होते, करंगळीच्या पेराएवढे. कागदावर पेन्सिलीने लिहिले होते : ‘आरशाचे पान. डावी बाजू, वर.’ आरसा दुकानात उतरवताना ते निखळले होते आणि जो कोणी आरसा नेईल त्याला ते लागेल, म्हणून आपण ते बांधून ठेवले होते. याला किती दिवस झाले, असे मी विचारले, तेव्हा दोन वर्षे होत आली असे आपण सहज सांगितलेत.

काका, मला रडू आले ते तेव्हा. दोन वर्षांपूर्वी मी माझ्या जुन्या घरात होते, मला कशाचीही उणीव नव्हती आणि कधी जुन्या वस्तूंच्या दुकानाची पायरी चढावी लागेल असे मनातही आले नव्हते. त्याच वेळी इकडे आपण, पुढे कधीतरी तुटका आरसा घ्यायला येणाऱ्या कोणा अनोळखी माणसाचा विचार करून, दोऱ्याला दोन गाठी मारत होता. ते पान केराबरोबर झाडून टाकले असते तरी आपल्याला कोणी जाब विचारला नसता, आरशाची किंमतही फारशी कमी झाली नसती. ज्याला त्या आरशाचा मोह पडेल त्याला तो पूर्ण मिळावा, एवढ्याचसाठी आपण ते जपले आणि तो माणूस मी निघाले.

पान मी चिकटवले. कसे, त्याचा तपशील इथे लांबवत नाही. सांधा जवळून पाहिला तर दिसतो आणि तो रंगाने झाकावा असे मला वाटले नाही. आरशाच्या कडेचे काळे ठिपके घासून काढायचा माझा विचार होता, पण ते काचेवर नसतात, मागच्या चांदीच्या थराला ओल लागून तो काळवंडतो, असे समजावून आपण माझे श्रम वाचवलेत. पुढे वाचनात आले की काचेमागे रसायनाच्या साहाय्याने चांदीचा असा थर चढवण्याची रीत युस्टुस फॉन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८३५ मध्ये शोधली आणि त्याआधीच्या आरशांमागे कथील आणि पारा असे. तेव्हापासून त्या ठिपक्यांकडे मी डाग म्हणून पाहत नाही.

आपण काय विकले नाहीत, हेही मला इथे नोंदवायचे आहे. रंगाचे पोपडे सुटलेला एक लाकडी घोडा मी मुलीसाठी मागितला, तेव्हा आपण तो द्यायला स्पष्ट नकार दिलात. घरगुती रंगातील शिशावर अमेरिकेने १९७८ मध्ये बंदी आणली, इतर अनेक देशांत ती त्याहून पुष्कळ उशिरा आली, त्यामुळे जुन्या रंगाची धूळ मुलांच्या हातातोंडाशी जाऊ देऊ नये, असे आपण म्हणालात. पितळी समजून मी उचललेल्या मेणबत्तीच्या स्टँडला आपण खिशातला चुंबक लावलात. तो घट्ट चिकटताच आत लोखंड आणि वर नुसता मुलामा असल्याचे मी न विचारता सांगितलेत आणि किंमत उतरवलीत. चौकटीच्या बारीक भोकांतून ताजी पिठी गळत असेल तर कीड अजून जिवंत आहे, तेव्हा ती घरी नेऊ नये, हे तर आपण एक चौकट माझ्या हातातून काढून घेऊन शिकवलेत. ज्याचे पोट विक्रीवर चालते त्याने गिऱ्हाइकाला असे अडवावे, यातली माणुसकी मोठ्या दालनातल्या त्या चकचकीत दिव्यांखाली मला कुठे आढळली नव्हती. कोणी पाहत नसताना, काही परत मिळण्याची आशा नसताना नीट वागणारी माणसे जगात आहेत, हे मला त्या काळात कोणीतरी दाखवून द्यायला हवे होते. ते आपण दाखवलेत.

आता भिंतीविषयी. आपल्याकडून नेलेल्या पाच फ्रेमा पाच आकारांच्या आणि पाच तऱ्हांच्या होत्या, पण सर्वांना एकच गडद निळा रंग दिल्यावर त्या एका घरातल्या भावंडांसारख्या दिसू लागल्या. दोन फ्रेमांत जुन्या पडद्याच्या कापडाचे तुकडे ताणून बसवले आहेत. मुलीच्या चित्रांभोवती रुंद पांढरा माउंट, म्हणजे चित्र आणि फ्रेम यांच्यामधली पुठ्ठ्याची कड, ठेवा, हा आपला सल्ला इतका योग्य होता की तळहाताएवढे चित्रही आता दुरून लक्ष वेधून घेते. खिळे ठोकण्याआधी फ्रेमांच्या मापाचे वर्तमानपत्राचे कागद कापून आम्ही ते दोन दिवस भिंतीवर चिकटवून ठेवले आणि दर संध्याकाळी त्यांच्या जागा बदलल्या. पुष्कळ संग्रहालये चित्राचा मध्य जमिनीपासून सुमारे १४५ सेंटीमीटरवर ठेवतात, हे आपण सांगितलेले माप मुलीने स्वतः पट्टीने मोजले आणि मग आपल्या चित्रांपुरते ते हट्टाने खाली आणले, कारण ती चित्रे तिच्या डोळ्यांसमोर असायला हवीत. तिचे म्हणणे मला पटले. आरसा खिडकीसमोरच्या भिंतीवर आहे, त्यामुळे सकाळी दीड-दोन तास पलीकडच्या काळोख्या कोपऱ्यातही उजेड पोहोचतो. इथून कधी जायचे, हे तिने बऱ्याच दिवसांत विचारलेले नाही. परवा तिने विचारले की, सहावी फ्रेम कुठे लावायची.

पुडीचा कागद मी टाकलेला नाही. आपण जिथे बांधला होता तिथेच, आरशामागे, त्याच दोऱ्याने तो पुन्हा बांधला आहे.

पाचव्या फ्रेमची काच थोडी सैल बसते, म्हणून पुढच्या आठवड्यात ती घेऊन आपल्याकडे येत आहे. मुलगीही सोबत असेल. तिला ती पुडी बांधणारे आजोबा पाहायचे आहेत.

आपली ऋणी,
आरसा नेणारी