रॉजर कॉर्मन यांची ओळख अपुरी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हॉलिवूडच्या निर्मात्यांवरचा आपल्या रविवार पुरवणीतील लेख वाचला. त्यात रॉजर कॉर्मन यांना ‘स्वस्त भयपटांचे बादशहा’ म्हणून एका ओळीत उरकले आहे. मे २०२४ मध्ये वयाच्या ९८व्या वर्षी ते गेले, तेव्हाही ठिकठिकाणी हेच छापून आले. हा त्यांच्यावर अन्याय आहे.

थोड्या पैशांत झटपट सिनेमे त्यांनी काढले, हे खरेच. स्टॅनफर्डमध्ये अभियांत्रिकी शिकलेल्या या माणसाने १९६० चा ‘द लिटल शॉप ऑफ हॉरर्स’ जवळजवळ दोन दिवसांत चित्रित केला. पण या काटकसरीमुळेच नवख्यांवर पैसे लावणे त्यांना परवडत होते. युरोपातले स्वतःचे चित्रीकरण आटोपल्यावर त्यांनी तिथलीच माणसे आणि सामग्री तरुण फ्रान्सिस फोर्ड कोपोला यांच्या हाती दिली आणि आयर्लंडमध्ये त्यांच्याकडून भयपट करून घेतला. मार्टिन स्कॉर्सेसी, जोनाथन डेमी, रॉन हॉवर्ड, जेम्स कॅमेरॉन हे पुढे नावाजलेले दिग्दर्शकही त्यांच्याच तालमीतले. पुढे कोपोलांनी ‘द गॉडफादर’च्या दुसऱ्या भागात कॉर्मन यांना सिनेटरची छोटी भूमिका दिली. मी तिला गुरुदक्षिणाच मानतो.

आणि १९६२ चा ‘द इंट्रूडर’ कसा विसरता येईल? गोऱ्यांच्या शाळेत कृष्णवर्णीय मुलांना प्रवेश मिळतो आहे, म्हणून गावाला चिथावणाऱ्या माणसाची ही गोष्ट. नागरी हक्कांचा लढा ऐन भरात असताना कॉर्मन यांनी ती मिसुरी राज्यातल्या गावांत जाऊन, तिथल्याच लोकांना घेऊन, स्थानिकांचा विरोध सोसत चित्रित केली. पैसे घालायला कोणी पुढे येईना, तेव्हा त्यांनी आणि त्यांचे भाऊ जीन यांनी पदरचे घातले. ते बुडाले. पैशाच्या हिशेबात एवढा पक्का माणूस असा विषय हाती घेतो, तेव्हा त्याला नुसता धंदेवाईक म्हणणे मला पटत नाही.

१९७० मध्ये त्यांनी ‘न्यू वर्ल्ड पिक्चर्स’ ही कंपनी काढली. स्वीडिश दिग्दर्शक इंगमार बर्गमन यांचा ‘क्राइज अँड व्हिस्पर्स’ याच कंपनीने अमेरिकेत प्रदर्शित केला, अगदी गाडीत बसून सिनेमा पाहायच्या ड्राइव्ह-इन थिएटरांतही. त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या ऑस्करचे नामांकन मिळाले. इटलीचे फेलिनी आणि जपानचे कुरोसावा यांचे चित्रपटही त्यांनी तिथे आणले. २००९ मध्ये अकादमीने त्यांना मानद ऑस्कर दिले.

‘द इंट्रूडर’वर पुरवणीत एक स्वतंत्र लेख द्यावा, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, ठाणे