आधी पाय, मग बाकीचं

सांगली,
रविवार, दुपार

प्रिय शुभा,

तुझं पत्र मिळालं. फोन न करता लिहून काढलंस हे फार बरं केलंस, नाहीतर मी तुला नेहमीप्रमाणे मध्येच तोडलं असतं आणि तू नेहमीप्रमाणे "जाऊ दे गं" म्हणून फोन ठेवला असतास.

तर एकूण परिस्थिती अशी: एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, ६.१, गुडघे कुरकुरतायत, लेकीचं "आई, आता तू मोकळीच आहेस, हिंजवडीला येऊनच राहा ना" सुरू झालंय, आणि मोबाइलवर बघून बघून तू मेथ्यांचं पाणी, चिया, व्हिनेगर, सोळा तासांचा उपास आणि सूर्यनमस्कार असं सगळं येत्या सोमवारपासून धरणार आहेस. वर मला विचारतेस, यातलं आधी काय करू? शुभे, यातलं बरंचसं सोडून दे. एक धर, पायांची ताकद. बाकी सगळं त्याच्या मागून.

का ते सांगते. तिशी-चाळिशीनंतर दर दहा वर्षांत अंगातले स्नायू साधारण तीन ते आठ टक्क्यांनी घटतात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. आपल्या बायकांना त्यात पाळी गेल्यावर हाडं विरळ होण्याची भर. हे दुखत नाही, म्हणून कळत नाही. आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंना ना शुगर, ना बीपी. रिपोर्ट दृष्ट लागण्यासारखे. पहाटे बाथरूमच्या ओल्या फरशीवर पाय सटकला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन उत्तम झालं, पण नंतर त्या पहिल्यासारख्या जिना चढल्या नाहीत. आता भाजीवाल्याला वरून दोरीला बांधून पिशवी सोडतात. त्यांना कुणी आयुष्यात कोलेस्टेरॉल सोडून दुसरं काही तपासायला सांगितलं नव्हतं.

तेव्हा हे पत्र बाजूला ठेव आणि एक साधी परीक्षा दे. बिनहाताची खुर्ची भिंतीला टेकवून ठेव, हातांची छातीवर फुली कर, आणि तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उभी राहून परत बसतेस ते मोज. आपल्या वयाच्या, म्हणजे साठ ते चौसष्टच्या बाईला बारा तरी जमायला हवेत. हाताचा आधार घ्यावा लागला तर आकडा शून्य धरायचा. तुझ्या शेजारी कुणालातरी मोजायला बसव, कारण मला तू माहीत आहेस.

आकडा कमी आला तर घाबरू नकोस. हीच परीक्षा म्हणजे व्यायामसुद्धा आहे. दूध तापेपर्यंत खुर्चीतून ऊठबस. दात घासताना टाचा वर-खाली. ओट्याला एक बोट टेकवून एका पायावर उभं राहणं. पाण्याच्या लिटरभराच्या बाटल्या दोन्ही हातांत घेऊन दंड वर-खाली. जिममध्ये जाऊन पन्नास हजारांची मेंबरशिप घ्यायची काही गरज नाही. गुडघे दुखतात म्हणून उठायचं टाळतेस ना, तेच उलटं आहे. मांडीचे पुढचे स्नायू बळकट झाले की गुडघ्यावरचा भार हलका होतो. एकदा चांगल्या फिजिओथेरपिस्टला दाखव, कुठपर्यंत वाकायचं ते विचार, आणि मग सुरू कर.

"मी रोज चालते की" असं म्हणशील. चाल, जरूर चाल. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली सांगितलंय की आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटं दम लागेलशा वेगानं चालावं. पण त्याच कागदावर पुढे आहे की ताकदीचा व्यायाम आठवड्यातून दोन दिवस तरी हवा, आणि पासष्टीनंतर तीन दिवस तोल सांभाळण्याचाही हवा. ते पुढचं कुणी वाचत नाही. आमच्या आमराईत सकाळी चालणाऱ्यांची जत्रा असते, पण त्यातल्या निम्म्या जणी बाकावरून उठताना "आई गं" म्हणतात. ह्यांचं चालण्याबाबतचं आवडतं उदाहरण म्हणजे अण्णासाहेब कर्वे. हिंगण्याहून पुण्यात पायी कॉलेजला शिकवायला जायचे आणि १०४ वर्षं जगले. मी म्हणते, अण्णा चालत होते हे खरंच, पण तेव्हा मागे घर कोण चालवत होतं तेही सांगा की.

तुझ्या शुगरसाठी मात्र चालण्याची वेळ बदल. जेवल्यावर लगेच सोफ्यावर बसू नकोस, दहा-पंधरा मिनिटं गॅलरीत का होईना फेऱ्या मार. जेवणानंतर चढणारी साखर त्यानं आवरते.

आता तुझं ताट. सगळ्यांचं झाल्यावर उरलेला भात, तळाशी राहिलेलं पातळ वरण आणि सकाळची पोळी, हे तुझं जेवण. पातळ वरणाच्या वाटीत चार-पाच ग्रॅम प्रथिनं मिळाली तरी पुष्कळ. आपल्या वयात किलोमागे एक ते सव्वा ग्रॅम हवीत असं बरेच डॉक्टर सांगतात, म्हणजे साठ किलोच्या बाईला दिवसाला साठ ते पंचाहत्तर ग्रॅम. किडनीचा काही त्रास असेल तर आधी विचारून घे. नसेल तर पिठलं, मुगाचं धिरडं, मटकीची घट्ट उसळ, वाटीभर दही, मूठभर शेंगदाणे. आणि ऑफिसच्या कँटीनमध्ये चोरून खायचीस ते अंडं आता उघड खा, सासूबाई नाहीत रागवायला. सोळा तासांच्या उपासाचं भूत उतरव. आधीच कमी खाणाऱ्या बाईनं आणखी कमी खाल्लं की वजन उतरतं ते स्नायूंचं. चतुर्थीची खिचडी तर तू मोजूच नकोस, साबुदाण्यात पिष्टाशिवाय काही नाही. आपल्या आज्या एकादशी अन् दुप्पट खाशी म्हणायच्या, त्यांना सगळं ठाऊक होतं. आणि हो, वाढताना आधी स्वतःचं ताट वाढून बाजूला काढून ठेव. पहिले आठ दिवस घरातले बघत राहतील. बघू देत.

रक्त तपासशील तेव्हा बी-१२ आणि डी व्हिटॅमिन सांग. शाकाहारी बायकांत बी-१२ कमी असणं अगदी नेहमीचं, आणि मुंग्या, थकवा, विसरणं हे सगळं आपण वयावर ढकलतो. पुढेमागे साखरेची मेटफॉर्मिनची गोळी सुरू झाली तर त्यानंही ते कमी होतं. हाडांची डेक्सा तपासणी एकदा करून घे. फ्लूची लस दर वर्षी, न्यूमोनियाची डॉक्टरांना विचारून.

अजून एक, जे आपण एकमेकींतही बोलत नाही. शिंकताना, हसताना थेंब सुटतात ना? तू यंदा सहलीला यायचं टाळलंस ते त्यामुळेच, मला कळलं होतं. अगं, यात लपवण्यासारखं काही नाही. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम असतो, लघवी रोखून धरतो तसं आवळायचं आणि सोडायचं, रोज नेमानं. बऱ्याच जणींना काही आठवड्यांत फरक पडतो. नाही पडला तर डॉक्टरीणबाईंकडे जा. या एका कारणापायी किती बायका देवळात, लग्नात, एसटीत जायच्या बंद झाल्या असतील.

घरातली एक गोष्ट मात्र याच महिन्यात उरकून टाक. आमच्या बाथरूममध्ये मी कमोडशेजारी आणि शॉवरखाली स्टीलचे दांडे बसवून घेतले. ड्रिल मारता मारता प्लंबर म्हणाला, "काकू, तुम्हाला कशाला एवढ्यात? हे आजारी माणसाचं असतं." मी म्हटलं, "आजारी पडू नये म्हणूनच." बिचाऱ्यानं दोन्ही दांड्यांना स्वतः लोंबकळून दाखवलं. रात्री उठलं की पायाशी लागणारा छोटा दिवा लाव आणि बेडरूममधली ती गुळगुळीत पायपुसणी मोलकरणीला देऊन टाक.

आता हिंजवडी. दुधापेक्षा सायीची माया जास्त, हे मला सांगू नकोस, मलाही नातू आहे. पण "येऊनच राहा" याचा अर्थ सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंतची बिनपगारी नोकरी असा होतो, आणि ठाण्यातली तुझी भिशी, भजनी मंडळ, कोपऱ्यावरचा ओळखीचा डॉक्टर सगळं सुटतं. नव्या सोसायटीत चौदाव्या मजल्यावर बाळ आणि तू. माणसं तुटली की तब्येत लागलीच मागे येते, हे आपण आपल्या आयांच्या बाबतीत बघितलंय. म्हणून जा, पण बोलून जा. महिन्यातले पंधरा दिवस. स्वयंपाकाला बाई. संध्याकाळचा एक तास तुझा, त्यात बाळ लेकीकडे. रविवारी सुट्टी. लेक समजूतदार आहे. तू न बोलता कुढत बसतेस ही अडचण आहे. आणि तिनं नाक मुरडलंच तर मुरडू दे, चार दिवसांत सरळ होईल.

मृत्युपत्राचं विचारलं होतंस. साध्या कागदावर चालतं, दोन साक्षीदारांसमोर सही हवी, नोंदणी सक्तीची नाही पण केलेली बरी. फ्लॅटला नॉमिनी लावलाय म्हणून निश्चिंत राहू नकोस. नॉमिनी हा सांभाळणारा, मालकी वारसांची. साक्षीदार असे घे ज्यांना त्यातून काही मिळणार नाही.

दिवाळीनंतर इकडे ये. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहेच. हरिपूरच्या रस्त्यानं संगमापर्यंत चालत जाऊ, येताना रिक्षा. तोवर खुर्चीचा आकडा मला व्हॉट्सअ‍ॅपवर कळव, खरा. आणि दांडे बसवलेस की फोटो पाठव. स्क्रू भिंतीत नीट गेलेत का ते मी बघते, टाइल्सवर नुसते चिकटवणारे कुणी बसवून दिले तर घेऊ नकोस.

तुझीच,
नलू