काकडीने उष्मांक ‘वजा’ होत नाहीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या आरोग्यविषयक पुरवणीत नुकतीच ‘उणे उष्मांकांच्या पदार्थां’ची यादी प्रसिद्ध झाली. काकडी, कोबी, मुळा, टोमॅटो, सेलरी (लांब देठांची एक भाजी), पपई आणि सफरचंद हे पदार्थ पचवण्यासाठी शरीराला जेवढी ऊर्जा खर्च करावी लागते तेवढी त्यांच्यात मुळी नसतेच, सबब ते जितके जास्त खावेत तितके वजन उतरते, असा त्या मजकुराचा आशय होता. हा दावा व्हॉट्सॲपवर वर्षानुवर्षे फिरतो आहे आणि तिथे त्याकडे काणाडोळा करता येतो. परंतु वृत्तपत्रातले कात्रण जपून ठेवून त्याबरहुकूम आहार आखणारी माणसे आजही घरोघरी आहेत, म्हणून हा लेखनप्रपंच.

पचनाला ऊर्जा लागते, हे अगदी खरे आहे. घास चावणे, पाचकरस स्रवणे, अन्न आतड्यातून पुढे सरकवणे, शोषलेले घटक यकृतात व पेशींत नेऊन त्यांची मांडामांड करणे, या सगळ्याला इंधन जळते आणि जेवणानंतर काही तास चयापचयाचा वेग वाढलेला असतो. हा खर्च किती येतो हे मोजले गेलेले आहे. शंभर उष्मांकांमागे तो प्रथिनांसाठी साधारण २० ते ३०, कर्बोदकांसाठी ५ ते १० आणि स्निग्ध पदार्थांसाठी जेमतेम ० ते ३ असतो; आपल्या नेहमीच्या मिश्र जेवणात सरासरी दहा टक्के धरतात. म्हणजे रुपयाचा माल घरात आणायला दहा पैसे हमाली पडली, आणि माल प्रथिनांचा असेल तर फार तर तीस. हमाली मालाच्या किमतीपेक्षा जास्त पडावी असा एकही पोषक घटक माणसाच्या आहारात नाही, आणि हे घटक सोडून इतर कशाचे उष्मांक भाजीत असत नाहीत.

तरीही दाव्याच्या बाजूने जेवढे म्हणून झुकते माप देता येईल तेवढे देऊन काकडीचा हिशेब करून पाहू. दोनशे ग्रॅम काकडीत सुमारे ३० किलोकॅलरी, म्हणजेच ३० उष्मांक, असतात. काकडीत प्रथिने नावापुरतीच, पण पचनखर्च प्रथिनांच्या कमाल दराने, म्हणजे ३० टक्क्यांनी धरला तर ९ झाल्या. चावण्याचा खर्चही मिळवू. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या जेम्स लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली च्युइंगगम चघळण्याचा खर्च मोजला होता, तो तासाला ११ किलोकॅलरी भरला. काकडी दहा मिनिटे चावत बसलो तर २ जातील. काकडी फ्रीजमधून थेट काढलेली, ५ अंश सेल्सियसची आहे असे समजू. तिच्यात बहुतांश पाणीच असल्याने दोनशे ग्रॅम ऐवज ३७ अंशांपर्यंत तापवायला ६.४ किलोकॅलरी लागतात. (वास्तविक हे काम शरीर बऱ्याच अंशी एरवीही वाया जाणाऱ्या उष्णतेवर उरकते, पण तेही सोडून देऊ.) एकूण खर्च १७.४ झाला आणि साडेबारा किलोकॅलरी तरीही शिल्लक राहिल्या. ही शिल्लक क्षुल्लक आहे हे मान्य, परंतु ती अधिक आहे, उणे नाही.

यावर हमखास येणारा आक्षेप असा की भाज्यांतला चोथा पचतच नाही, मग वेष्टनावर किंवा अन्नघटकांच्या कोष्टकात दिलेले उष्मांक फुगवलेले नसतात काय? याचे उत्तर कोष्टके कशी तयार होतात यात आहे. विल्बर ॲटवॉटर या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रथिने व कर्बोदकांना ग्रॅममागे ४ आणि स्निग्धांशाला ९ किलोकॅलरी हे जे आकडे बसवले आणि जे आपण आजही वापरतो, त्यांतून विष्ठा व मूत्रावाटे जाणारी ऊर्जा आधीच वजा केलेली आहे. तंतुमय भागाचेही सगळेच फुकट जात नाही. मोठ्या आतड्यातले जीवाणू त्यातला काही आंबवतात आणि त्यातून ग्रॅममागे साधारण दोन किलोकॅलरी आपल्या पदरात पडतात. कोष्टके काही पदार्थांच्या बाबतीत चुकतात, हेही नोंदवायला हवे. अमेरिकेच्या कृषी खात्यातील संशोधकांनी २०१२ साली दाखवून दिले की अख्ख्या बदामांच्या २८ ग्रॅममधून कोष्टकानुसार मिळायला हव्या होत्या सुमारे १७०, आणि माणसांना प्रत्यक्षात मिळाल्या १२९ किलोकॅलरी. कोष्टकाला लागलेला हा सर्वांत मोठ्या धक्क्यांपैकी एक म्हणावा लागेल. तो बसूनही जमेची बाजू जमेचीच राहिली.

यादीतल्या सेलरीवर तर थेट प्रयोगच झालेला आहे, माणसावर नव्हे तर सरड्यावर. अलाबामा विद्यापीठातील संशोधकांनी ‘बिअर्डेड ड्रॅगन’ या ऑस्ट्रेलियातल्या सर्वभक्षी सरड्यांना त्यांच्या वजनाच्या पाच टक्के इतकी कच्ची सेलरी खाऊ घातली आणि पुढे त्यांच्या चयापचयाचा वेग, तसेच उत्सर्जित पदार्थांतली ऊर्जा मोजली. सेलरीतल्या ऊर्जेपैकी ३३ टक्के पचनात खर्च झाली, ४३ टक्के उत्सर्जनातून गेली आणि २४ टक्के सरड्याच्या अंगी लागली. दाव्याला याहून अनुकूल पदार्थ शोधूनही सापडणे कठीण, आणि तिथेही बेरीज शून्याखाली उतरली नाही.

असे असताना ‘मी पंधरवडाभर काकडी-कोबीवर राहिलो आणि वजन उतरले’ असे सांगणारे लोक खोटे बोलतात असे मला मुळीच वाटत नाही. दिवसभरात दोन किलो काकडी खाल्ली तरी पोटात ३०० किलोकॅलरी जातात, आणि नुसते पडून राहिलेले प्रौढ शरीरही दिवसाला हजाराच्या वर जाळते. वजन उतरणारच. मात्र ते उपासमारीने उतरते, त्यात चरबीबरोबर स्नायूही झिजतात, आणि श्रेय फुकटचे काकडीला जाते.

व्यवहारातला घोटाळा याच्या उलट बाजूने होतो. ‘उणे’ म्हटले की मनुष्य तो पदार्थ जेवणातल्या कशाच्याही बदली न घेता वरून घेतो, आणि आपल्याकडे काकडी नुसती थोडीच खाल्ली जाते? तिची कोशिंबीर होते. दोनशे ग्रॅम काकडीच्या ३० किलोकॅलरींवर दोन मोठे चमचे दाण्याचे कूट पडले की त्याच्याच शंभराच्या आसपास, आणि चमचाभर तुपाची जिरे-मिरचीची फोडणी बसली की आणखी ४५. वाडग्याची बेरीज १७५च्या घरात जाते. कोशिंबीर सोडा असे मी कदापि म्हणणार नाही, तिच्यामुळे पोट भरते आणि एक पोळी कमी खाल्ली जाते. पण पोळी कमी झाली तर! तीच गोष्ट पपईची. शंभर ग्रॅमला ४३ किलोकॅलरी असलेले हे फळ, आणि ५२ असलेले सफरचंद, १५ वाल्या काकडीच्या पंक्तीला कोणी आणि का बसवले हे कळायला मार्ग नाही. मध घातलेल्या कोमट पाण्याविषयी तर काय बोलावे; ते आयते तापवूनच पोटात जाते, आणि मधाच्या दोन लहान चमच्यांच्या चाळीसेक किलोकॅलरी वर.

पुरवणीतल्या मजकुरातली एक त्रुटी मात्र मला गंभीर वाटली. मधुमेहाचे जे रुग्ण इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही विशिष्ट गोळ्या घेतात, त्यांनी डॉक्टरांना न विचारता असा ‘उणे’ आहार सुरू केला आणि औषधाची मात्रा तीच ठेवली, तर रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकते. याबद्दल त्या पानभर मजकुरात एक ओळही नव्हती. आपण तेवढा खुलासा स्वतंत्रपणे, त्याच पानावर आणि ठळकपणे छापावा, अशी विनंती आहे.

यापुढे अशी यादी छापताना प्रत्येक पदार्थापुढे शंभर ग्रॅममागील उष्मांकांचा आकडा दिला, तर वाचकांना स्वतःच पडताळा घेता येईल. त्यासाठी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेली भारतीय अन्नघटकांची कोष्टके उपलब्ध आहेत. त्यांत ऊर्जा किलोज्यूलमध्ये दिलेली आहे, तेव्हा छापण्यापूर्वी प्रत्येक आकड्याला ४.१८४ ने भागण्याची खबरदारी संपादकीय विभागाने घ्यावी, नाहीतर त्याच काकडीचे उष्मांक पुढच्या पुरवणीत चौपट झालेले दिसतील.

कळावे,
आपली,
पोषणशास्त्राची एक निवृत्त प्राध्यापिका, कोल्हापूर