निर्देशांक चढला, दुसरी पाळी बंदच

महोदय,

तिमाही आकडे आले की दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर जीडीपीचा म्हणजे देशाच्या एकूण उत्पादनाच्या वाढीचा टक्का आणि शेअर बाजाराचा निर्देशांक सेन्सेक्स याची हालचाल शेजारी शेजारी छापलेली असते. वाचणाऱ्याला वाटते, टक्क्याचा निकाल सेन्सेक्सने लावला. या मांडणीबद्दल माझी तक्रार आहे.

३० ऑगस्ट २०१९, शुक्रवार. एप्रिल-जूनचा विकासदर ५ टक्के जाहीर झाला. सोमवारी गणेश चतुर्थीची सुट्टी, मंगळवारी सेन्सेक्स ७७० अंकांनी कोसळला. आमच्या शेजारच्या निवृत्त शिक्षकांनी घाबरून त्याच दिवशी म्युच्युअल फंडातले सगळे पैसे काढले. २० सप्टेंबरला सरकारने कंपनी कर घटवला आणि सेन्सेक्स एका दिवसात १९०० हून अधिक अंकांनी चढला. सरांना ते आजही लागून राहिले आहे.

२९ नोव्हेंबर २०२४, पुन्हा शुक्रवार. जुलै-सप्टेंबरचा दर ५.४ टक्के, सात तिमाहींतला सर्वांत कमी. रिझर्व्ह बँकेने ७ टक्के धरला होता. यावेळी सोमवारी सेन्सेक्स सुमारे ४४५ अंकांनी वर गेला! वाढ मंदावली म्हणजे आता व्याजदर उतरतील, ही त्यामागची एक मोठी आशा. प्रत्यक्षात ६ डिसेंबरला रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो, ६.५ टक्क्यांवरच राहिला, कपात फेब्रुवारीत झाली. गुंतवणूकदार पुढचे पाहून पैसे लावतो, त्यात त्याची चूक नाही. पण वाईट बातमीला बाजार एकदा पडतो, एकदा चढतो, तर त्यावरून सामान्य माणसाने देशाची तब्येत कशी ओळखायची?

माझा मुलगा शिरोली एमआयडीसीत मशीन शॉप चालवतो. फौंड्रीतून आलेल्या कास्टिंगचे, म्हणजे ओतीव भागांचे, मशिनिंग करतो. २०२४ चे गणपती झाले आणि ऑर्डरी आटल्याने त्याला दुसरी पाळी बंद करावी लागली. चार पोरांना घरी बसवताना तो दोन रात्री झोपला नव्हता. त्याच तिमाहीत कारखानदारीची वाढ अवघी २.२ टक्के होती. हा आकडा मला आतल्या पानावर, तक्त्यात शोधावा लागला. आमच्या भागात ज्याच्या त्याच्या तोंडी जी गोष्ट होती, ती हीच होती.

आणखी एक. तो ५.४ चा आकडा फेब्रुवारी २०२५ मध्ये सुधारून ५.६ करण्यात आला. पहिला अंदाज पुढे बदलतो, हे पहिल्याच दिवशी ठळकपणे सांगायला हवे. घाबरून एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडातली दरमहाची गुंतवणूक, थांबवणाऱ्याला तेवढे कळले तरी तो चार दिवस थांबेल.

माझी विनंती एवढीच: पुढचे तिमाही आकडे छापताना कारखानदारी, शेती आणि घरगुती खर्चाची वाढ पहिल्या पानावर द्या, सुधारित आकडाही तेवढ्याच मोठ्या टाइपात छापा. सेन्सेक्स अर्थविषयक पानावर असू द्या.

आपला,
एक वाचक, कोल्हापूर