बाबू, बसने ये

बाबू,

मोबाइलवर एवढं मोठं टाइप करायची सवय नाही मला, चुका असतील तर हसू नको. फोनवर तू बोलूच देत नाहीस, बरं आई, हो आई करून ठेवून देतोस, म्हणून लिहितेय. रात्रीचे अकरा वाजलेत, वॉर्डबाहेर बाकावर बसलेय, आत बाबांजवळ धाकटे काका आहेत.

रविवारी बाबांनी पेजेचं भांडं उडवलं आणि तू तसाच उठून चालता झालास. तुझ्यासाठी आणलेला डबाही उघडला नाहीस. रात्रीचं पुणं, 450 किलोमीटर, चोर्ला घाटात जुलैचं धुकं, आणि फोन बंद. दुसऱ्या दिवशी दहा वाजता मेसेज, पोचलो. एवढंच. मी ती रात्र कशी काढली ते लिहीत नाही. रागवायला हे लिहीतच नाहीये मुळी. पण बाइकने येऊ नको रे. जाऊ दे, ते नंतर.

आधी हे वाच. बाबा तुला पोदेर म्हणाले, आपला दारावर येणारा पाववाला पोदेर, आणि जा म्हणाले, ते तुला लागलं. मलाही लागलं होतं. पण सोमवारी ती स्पीच थेरपीवाली मुलगी आली, चित्रं दाखवायला लागली. गाय दाखवली, पोदेर. घड्याळ, पोदेर. मग माझ्याकडे बोट दाखवून ह्या कोण म्हणाली, तर मीही पोदेर. आणि चुकलं ते ह्यांना कळतं बाबू, डाव्या हाताने कपाळ बडवून घेतात. ती म्हणाली, मार मेंदूच्या डाव्या बाजूला आहे, बहुतेकांची भाषा तिथेच असते, एक शब्द अडकून बसतो आणि तोच सगळीकडे येतो. माणूस ओळखणं वेगळं, त्याचं नाव तोंडात येणं वेगळं. चिडणंही त्या माराचंच आहे म्हणे, मेंदू जागा होताना असं होतं, सगळ्यांचं नाही पण पुष्कळांचं होतं.

शिव्या मात्र स्पष्ट येतात! वॉर्डबॉयला अशी एक घातली की मावशी बाहेर जाऊन आधी हसली, मग रडली. एवढी वर्षं हेडमास्तर, मुलांना साधं गाढव म्हटलं नाही कधी. शिव्या, एक ते दहा आकडे, आरत्या, असलं तोंडात बसलेलं आपोआप बाहेर पडतं म्हणे. काल काकांनी हळू आवाजात सुखकर्ता सुरू केली तर हे अर्ध्या कडव्यापर्यंत बरोबर म्हणाले आणि डावा हात खाटेच्या दांड्यावर घुमट वाजवताना त्याच्या तोंडावर करतात तसा उघडझाप करत होता. उजवा काही हलला नाही.

आणि तू आल्या आल्या तीनदा विचारलंस, बाबा मी कोण, सांगा मी कोण. ते विचारायचं नसतं. आपणच सांगायचं, बाबा मी आलोय. एका वेळी एकच माणूस, छोटं वाक्य, आणि मग गप्प राहायचं, त्यांना वेळ लागतो. रविवारी आपण पाच जणं, त्यात आत्येचा फोन वाजतोय, ते दमलेले होते रे. हे बघ, मी लेक्चर द्यायला लागले. तुला काय माहीत असणार, मलाच परवा कळलं. माफ कर.

त्या मुलीने ग्लासगो स्कोअरही समजावला, माणूस किती शुद्धीवर आहे त्याचे मार्क. आल्या दिवशी 15 पैकी 7 होता. शून्य नसतोच, कमीत कमी 3 मिळतात, काहीच न करणाऱ्यालाही. मी म्हटलं, आमचे हे असे फुकट मार्क कुणाला देत नव्हते. आता 12 म्हणतात. पहिल्या सहा महिन्यांत जास्त फरक पडतो, पुढे हळूहळू वर्ष दोन वर्षंसुद्धा. शाळेत परत उभे राहतील का ते डॉक्टर सांगत नाहीत, मीही विचारत नाही.

पट्टीवर इंग्रजीत मोठ्या अक्षरांत लिहिलंय ते तू वाचलंस ना, नो बोन. मला वाटलं औषधाचं नाव. डोक्याचं तेवढं हाड काढून पोटाच्या कातडीखाली ठेवलंय, सूज गेली की परत बसवणार. रात्री पांघरूण सारखं करताना हाताला लागतं, बशीच्या कडेसारखं. पहिल्यांदा मी हात मागे घेतला होता. आता नाही घेत.

खरी गोष्ट ही की तू रेनकोट स्टुलावर विसरून गेलास. तू गेल्यावर हे त्या रेनकोटकडे बोट दाखवायचे, मग दाराकडे, आणि पोदेर, पोदेर, घसा बसेपर्यंत. मी घडी करायला गेले तर हात घट्ट धरला. बाहेर धो धो पडत होता. मला उशिरा कळलं बाबू. तू भिजशील म्हणून सांगत होते. म्हणजे तू चोर्ल्यात बिनरेनकोटाचा गेलास. बसला खिडकी असते, छप्पर असतं.

आणखी एक, हे मी काकांनाही बोलले नाही. त्या सकाळी पोदेर आला नाही, पावसाने असेल. मीच म्हटलं, पाऊस थांबलाय तोवर गाडीवरून जाऊन तिठ्यावरून पाव घेऊन या. हे हेल्मेट काढायला लागले खुंटीवरचं, तर मीच म्हटलं पाच मिनिटांसाठी कशाला. हायवेवर 1,000 रुपये दंड म्हणून घालायचे, गावात कोण विचारतो. मग तो कुत्रा मध्ये आला. आता हा एकच शब्द का राहिला ह्यांच्या तोंडात? ती मुलगी म्हणते अर्थ शोधू नका, कुठलाही राहू शकतो. मी नाही शोधत. पण ते पोदेर म्हणाले की मला खुंटी दिसते.

नोकरी सोडून येतो म्हणालास ते मनात आणू नको. पहिल्या पगारात ह्यांना घड्याळ घेतलंस ते वॉर्डातल्या सगळ्यांना दाखवून झालंय माझं. रजा मिळेल तेव्हा ये, फक्त बसने. फोंड्याला उतर, काका न्यायला येतील.

फिजिओवाली पुढच्या आठवड्यात खाटेबाहेर उभं करणार आहे. हाड नाही म्हणून तेव्हा डोक्याला हेल्मेट लागेल, हलकं, सायकलवाले घालतात तसलं चालेल का ते तिने फोटो पाठवून विचारायला सांगितलंय. तुझं क्रिकेटचं माळ्यावरून काढलं, जड आहे. शिवणाच्या टेपने पट्टीवरून माप घेतलं, 57 सेंटीमीटर. पुण्यात बघ, आतून मऊ असू दे, आणि घ्यायच्या आधी फोटो पाठव. बसमध्ये मांडीवर घेऊन ये, बाइकला मागे बांधून आणशील तर चेपेल.

आई