खालच्या मजल्यावरच्या काकांना

काका,
सप्रेम नमस्कार.

तोंडावर आभार मानले की तुम्ही चहाचा विषय काढता. म्हणून हे चारचौघांना वाचता येईल असं लिहिते आहे. इथे तुम्हाला मध्येच थांबवता यायचं नाही.

बाबांची सोव्हिएत बनावटीची ८×३० दुर्बीण दुकानदाराने नीट बघितलीसुद्धा नव्हती. "बुरशी धरलीय, नवी घ्या," एवढंच. तुम्ही मात्र टॉर्च लावून दोन्ही नळ्या आरपार पाहिल्यात. कोळिष्टकासारखं जे दिसत होतं ते लोलकांवर होतं, भिंगांवर नुसता मळ. मला वाटलं, आता ठेवून घेताय. तुम्ही पेचकस माझ्याच हातात दिलात आणि समोर खुर्ची ओढून बसलात. कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत ज्यांची हयात गेली, त्यांना हात शिवशिवत असताना गप्प बसणं किती जड गेलं असेल!

अर्थात गप्प म्हणजे तरी किती. फडकं उचललं की "आधी फुगा!" रबरी फुग्याने धूळ उडवल्याशिवाय काचेला हात लावायचा नाही, कारण धुळीतला वाळूचा कणच ओरखडा काढतो. काचेवरचा तो निळसर लेप जेमतेम मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढा जाड, आणि आपण तो ओढणीने खसाखसा पुसतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल भिंगावर ओतायचं नाही, कागदावर घ्यायचं, नाहीतर ते कडेने आत उतरतं. मधून कडेकडे गोल फिरवत न्यायचं आणि दर वेळी कागद नवा. त्या कागदांची रास बघून आई म्हणाली, "ही दुर्बीण आहे की तान्हं बाळ?"

पण सगळ्यात मोठे उपकार तुमच्या "नको"चे आहेत. पुढचं भिंग अखंड वाटतं, प्रत्यक्षात त्या बाल्सम नावाच्या पारदर्शक डिंकाने चिकटवलेल्या दोन काचा असतात. त्या सोडवायला जायचं नाही, हे तुम्ही बजावलंत. लोलक उचलण्याआधी प्रत्येकाभोवती पेन्सिलीने रेघ मारायला लावलीत आणि कोणता कुठला ते लिहून घ्यायला लावलंत. पुढच्या भिंगांच्या कड्यांवर सुईने खूण केल्याशिवाय त्या फिरवू दिल्या नाहीत. त्या कड्यांचा मध्य मुद्दाम किंचित बाजूला असतो आणि त्या जराशा जरी सरकल्या तरी दोन डोळ्यांची दोन चित्रं एकमेकांवर बसत नाहीत, हे मला कुठून कळणार होतं? जोडून झाल्यावर तुम्ही मला गच्चीवर नेलंत, लांबचा मोबाइल टॉवर दाखवलात आणि दुर्बीण हळूहळू डोळ्यांपासून लांब न्यायला सांगितलीत. टॉवर एकाचे दोन झाले नाहीत. तेव्हा कुठे तुम्ही हसलात.

एका लोलकावर बुरशीने काच खाल्ल्याचा पुसट डाग राहिलाच आहे. "तो राहू दे, दिसण्यात फरक पडत नाही," म्हणालात, ते खरं निघालं. परवा ऐरोलीच्या खाडीवर रोहित पक्ष्यांच्या चोची वेगळ्या काढता आल्या: छोट्या रोहितची गडद किरमिजी, मोठ्याची फिकट गुलाबी आणि टोकाला काळी. आधी सगळाच गुलाबी धूर दिसायचा.

चामड्याची पेटी तुमच्या सांगण्यावरून माळ्यावर टाकली आहे, ओल धरते म्हणून. दुर्बीण आता सिलिका जेलच्या पुड्यांसकट घट्ट झाकणाच्या डब्यात असते. दाणे निळ्याचे गुलाबी झाले की गरम करून पुन्हा निळे करते. आईने त्यासाठी एक कढई माझ्या नावावर करून दिली आहे.

आता एकच. तुमच्या स्वतःच्या दुर्बिणीचं फोकसचं चाक किती जड फिरतं, ते मी बघितलंय. जुनं ग्रीस सुकलं आहे. ती वर पाठवा. आणि रविवारी खाडीवर यायचं आहे, ओहोटी किती वाजता आहे ते बघून कळवते.

तुमची,
वरच्या मजल्यावरची